भावांना बाहेर पाठवणाऱ्या वकीलबाई

बारामतीच्या कोर्टासमोर माझी आणि पद्माबाई देवस्थळींची एकच खोली होती. मी मारामाऱ्यांचे खटले चालवायचो, त्या वाटणीपत्रं आणि मृत्युपत्रं करायच्या. "शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात ना? मग मी शहाण्यांची वकील," असं त्या म्हणत. मी म्हणायचो, "शहाणे फार थोडे आहेत, बाई. उपाशी मराल." वेळ जवळजवळ तशीच आली होती. मृत्युपत्राचं नाव काढलं की म्हातारे उठून जायचे. जित्या माणसापुढं मरणाची भाषा म्हणजे अपशकुनच!

त्र्याण्णव साली पणदऱ्याचे बापूसाहेब आले. भावकीतल्या सगळ्या वाटण्या ते बाईंकडे देणार होते. सुरुवात स्वतःच्या घरापासून. वडील वारलेले, बहीण ठमाबाई इंदापूरहून आलेली, अंगावर भावानं घेतलेली नवी साडी. जमिनीतला हक्क सोडल्याची तिची सही तेवढी हवी होती.

अशा वेळी भावाला बाहेर चहाला पाठवायची पद्माबाईंना खोड होती. बापूसाहेब हसत गेले.

"ठमाबाई, मनापासून सोडताय ना?"

ठमाबाई पदराचं टोक पिळत राहिली. मग म्हणाली, "आजवर कुणी इचारलंच न्हाय. न्हाय सोडायचा मला. पर दादाला कसं सांगू?"

"मी सांगते."

मी कपाळावर हात मारला. हातातोंडाशी आलेला घास! पण बाईंनी बाहेर जाऊन सरळ सांगून टाकलं.

"बाई, काम आमी आणलं का बहिणीनं?" एवढंच बोलून बापूसाहेब बहिणीला घेऊन निघून गेले. भावकीचं कामही गेलं. मला बाईंचा रागही आला आणि अभिमानही वाटला. बोलून मात्र रागच दाखवला.

वर्षभरानं बापूसाहेब पुन्हा दारात उभे. सोबत त्यांची लग्न ठरलेली मुलगी, मनीषा. आता तंटा होणार म्हणून मी खुर्ची सरकवून बसलो.

"ठमीचा वाटा तिच्या नावावर केला," ते म्हणाले. "आता माझं मृत्युपत्र करा. हिचा बी वाटा लिवा."

"मुलांशी बोललात?" पद्माबाईंनी विचारलं.

"बोलंन. पर माझ्या माघारी ही भावांम्होरं तोंड उघडायची न्हाय. ठमीनं तरी कुठं उघडलं? सख्खा भाऊ मी. अन् तिला तुमच्यापाशी बोलावं लागलं."