रक्त वाढवून दाखवणाऱ्या सुनंदाताई

सुनंदाताईंच्या एकसष्टीचा हा ग्रंथ आपण मोठ्या कौतुकाने हातात घेतला आहे. पण आमच्या मांजरी गावच्या समाजमंदिरात ताईंनी आपली योजना पहिल्यांदा मांडली, तेव्हा 'हे इथे चालायचं नाही' असं कोण कोण म्हणालं होतं, ते आठवतं का? नाही ना? वाटलंच. तुम्ही शिकलेली माणसं सगळं वहीत लिहून ठेवता आणि वही घरी विसरता. मला अक्षर येत नाही, त्यामुळे सगळं डोक्यातच ठेवावं लागतं. नावं घेत नाही. याच ग्रंथात त्यांचेही लेख आहेत.

मी हे सांगते आहे आणि माझी नात लिहून घेते आहे. तिने बजावलं आहे, "आजी, ताईंना अहो-जाहो करायचं." वयाने मी ताईंपेक्षा पंधरा वर्षांनी मोठी, तरी करते. त्यांनी ते कमावलं आहे.

आमची ओळख योजनेच्या आधीची. मी तेव्हा गरोदर बायकांना रक्तवाढीच्या गोळ्या वाटत होते. लिहिता येत नसल्याने बायकांकडून गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या परत घेऊन पिशवीत ठेवत असे. पिशवी भरली की माझं काम झालं. ताई पहिल्यांदा घरी आल्या, तेव्हा मी ती पिशवी त्यांच्यापुढे दिमाखात ओतली. त्यांनी विचारलं, "मावशी, बायकांचं रक्त किती वाढलं?"

"ते मला काय ठाव? वाटा म्हनले, वाटल्या."

मला वाटलं आता बोलणी बसणार. त्या म्हणाल्या, "चूक तुमची नाही. तुम्हाला मानधन वाटण्याचंच मिळतं. वाढवण्याचं कुणी देत नाही."

ते देणारं माणूस शोधायला त्यांनी पुढे पुण्यातली किती ऑफिसं पालथी घातली, ते त्यांच्या चपलांना विचारा. शेवटी योजना ठरली. कामाला लागणारे पैसे आधी गुंतवणूकदार घालतील. वर्षाअखेरी बाहेरची माणसं येऊन बायकांचं रक्त तपासतील. ठरल्याइतकं वाढलं, तर एक देणगीदार संस्था गुंतवणूकदारांचे पैसे व्याजासकट देईल आणि काम पुढे चालेल. नाही वाढलं, तर पैसे बुडाले, काम बंद, गोळ्या वाटणाऱ्या आम्ही सख्या घरी. शहरातल्या मंडळींना हे फार नवं वाटलं. माझी सासू सुईण होती. बाळ-बाळंतीण बाराव्या दिवशी धडधाकट दिसली, तरच तिला लुगडं मिळायचं. नुसती धावत आली म्हणून कुणी दिलं नाही.

काम सुरू झाल्यावर सहा महिन्यांनी ताईंनी आपणहून तपासणी करून पाहिली. रक्त होतं तिथेच! आणि सर्वांत कमी कुणाचं, तर माझ्या नातसुनेचं, रेखाचं. पहिल्या बाळंतपणात ती मरता मरता वाचली होती, आता पुन्हा पाचवा महिना. तिच्या रिकाम्या पट्ट्या मी स्वतः मोजून घेतल्या होत्या.

ताई घरी आल्या. गच्चीवर गेल्या. कुंडीपाशी उभ्या राहून म्हणाल्या, "रेखा, कढीपत्ता भारी तरारलाय हं."

रेखा रडायलाच लागली. गोळीने मळमळतं, शौचाला काळं होतं, पोटातल्या बाळाला काही होईल या भीतीने पोरगी रोज एक गोळी कढीपत्त्याच्या मुळाशी पुरत होती. मग ताईंनी घरोघरच्या कुंड्या पाहिल्या. कुणाचा गुलाब, कुणाची जास्वंद. साऱ्या मांजरीत अशक्त झाड एक नव्हतं.

त्या आठवड्यात बैठक झाली. पैसे लावणाऱ्यांपैकी एक साहेब म्हणाले, "फारच कमी रक्त असलेल्या बायका यादीतून वगळू या. निकाल चांगला दिसेल." रेखाचं नाव गेलंच असतं. ताई शांतपणे म्हणाल्या, "म्हणजे पंगतीला जेवून आलेल्यांनाच बसवायचं? मग कुणी उपाशी उठलं नाही, असं सांगता येईल." साहेबांनी पाणी मागवलं. यादीतून एकही नाव गेलं नाही.

पैसे निकालावर मिळणार असल्यामुळे कामाची रीत बदलायला कुणाची परवानगी लागणार नव्हती. ताईंनी ती दुसऱ्या दिवशी बदलली. पट्ट्या गोळा करणं बंद. गोळी रात्रीच्या जेवणानंतर, लिंबाच्या पाण्याबरोबर, सासूच्या देखत; म्हणून आधी सासवांची सभा. त्या सभेत एक म्हातारी उठली, "काळं होतं त्याचं काय?" ताईंनी सर्वांसमोर गोळी गिळली आणि पुढचे चार दिवस घेत राहिल्या. पाचव्या दिवशी पुन्हा सभा बोलावून म्हणाल्या, "हो, काळं होतं. मी ठणठणीत आहे. आणखी कुणाला काही विचारायचंय?" एवढी शिकलेली बाई हे भर सभेत सांगते म्हटल्यावर सासवा पदरात तोंड घालून हसल्या. आणि भीती गेली. रेखाला मात्र त्या नुसत्या सभेवर सोडून मोकळ्या झाल्या नाहीत. मळमळ थांबेपर्यंत दर दोन दिवसांनी स्वतः येत, डॉक्टरांकडून गोळीही बदलून आणली.

वर्षाअखेरी बाहेरची माणसं आली. बोटं टोचली, आकडे लिहून घेतले आणि गेली. निकाल आला त्या दिवशी ताईंनी फोनवर मला एवढंच सांगितलं, "मावशी, जिंकलो. ठरल्यापेक्षा जास्त." मी रस्त्यावरच ओरडले. उसाचा ट्रॅक्टर थांबला. रेखाला त्याआधीच मुलगी झाली होती; तिने पहिल्याच रडण्यात शेजारची इमारत जागी केली. मायलेकी दोघी सुखरूप. गुंतवणूकदारांचे पैसे व्याजासकट परत गेले, आणि त्याच साहेबांनी ते पुन्हा याच कामात घातले. आमचा कढीपत्ता तेवढा वाळला. चालायचंच.

साठी उलटल्यावर लोक गुडघे धरून बसतात. ताई वाघोलीत नवं काम सुरू करताहेत. आई भवानी त्यांना शंभर वर्षं देवो, आणि सगळी चालती-बोलती देवो, अंथरुणातली एकही नको. पण दुसऱ्यांचं रक्त मोजणारी ही बाई स्वतः दुपारी बिस्किटावर राहते, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. तेव्हा शाली आणि पुष्पगुच्छ पुरे. मंगळवारी शेजारच्या लोणी काळभोर गावच्या मंडळींनी बाजरीची भाकरी आणि मेथीची भाजी वाघोलीला पाठवायची, शुक्रवारी मांजरीकडून मटकीची उसळ आणि तिळाची चटणी जाईल. वर अर्धं लिंबू आठवणीने. जेवणाबरोबर चहा मात्र कुणी पाठवू नका, त्याने खाल्लेलं लोह अंगी लागत नाही. पाठवायचाच असेल तर थर्मास माझ्याकडे द्या.