दसऱ्याला आराम दिलेला सर्व्हर

रोह्याजवळच्या अष्टमी गावच्या सुषमाताई आमच्या शेजारच्या कंपनीतला सर्व्हर सांभाळायच्या. त्या दसऱ्याला त्या धावून आल्या नसत्या, तर रोह्यातली माझी नोकरी गेलीच होती. आज इथे मस्कतला कुणीतरी सर्व्हरच्या खोलीत झेंडूची माळ आणली आणि त्या वासानं तो दिवस आठवला.

रोह्याच्या कंपनीत दसऱ्याची पूजा होती. फोरमनमामांनी बाकीच्या मशीनांसारखीच लिनक्सवर चालणाऱ्या आमच्या सर्व्हरचीही चालू असतानाच वायर ओढली आणि त्याला हळदकुंकू वाहिलं. "त्यालापन एक दिस आराम नको व्हय?"

नंतर तो सुरूच होईना. डिस्क वाचता येत नाही, एवढंच स्क्रीनवर येत होतं. मालाच्या सगळ्या नोंदी त्यातच, आणि सांभाळणारा मी, दहावी नापास. घाबरून मी सगळं पुसून नव्यानं लिनक्स टाकायला निघालो.

"हात काढ आधी!" मामांनी बोलावून आणलेल्या ताई दारातूनच ओरडल्या. "पुसलंस तर नोंदी मिळायच्या नाय. पहिली डिस्कची कॉपी काढ."

"ताई, तुम्हीच करा ना."

"मी नाय. तू टाइप कर, मी बघतेय."

मी कॉपी काढली, तिच्यावर दुरुस्ती चालवली, दुसऱ्या डिस्कवर लिनक्स बसवून नोंदी परत आणल्या. त्यात ताईंचा फोन सारखा वाजत होता. घरी मुलं सोनं वाटायला खोळंबली होती. मला तेव्हा त्या फोनचा रागच येत होता.

"यानंच उभा केला," त्यांनी साहेबांना सांगितलं. मला ते खोटं वाटलं. आता कळतं, मला एकट्याला जमावं म्हणूनच त्यांनी कीबोर्डला बोट लावलं नव्हतं.

ताई, एका दसऱ्याला मी तिकडे येईन. तुमच्या सर्व्हरपाशी मी बसतो, तुम्ही घरी जा.