पायाची नाडी बघणारा डॉक्टर

ती घटना आठवली की मी आजही पाय पांघरुणात ओढून घेतो. बायको हसते. हसू दे बापडी.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. मी मूळचा चिपळूणचा, नोकरी मात्र बहरीनच्या पोलिसात. एका सकाळी हूरा भागातल्या खासगी दवाखान्यातली वसईची नर्स ठाण्यात आली. तिची तक्रार ऐकून कलम कुठलं लावायचं तेच कळेना.

"साहेब, आमचे नवे डॉक्टर हाताची नाडी बघतच नाहीत. पेशंट झोपला की मोजा काढतात आणि पायावर दोन बोटं ठेवतात. काल त्यांच्याच देशाचा एक कुक आला होता. बोटं लागली मात्र, ओरडत अनवाणी रस्त्यावर पळाला हो! बूट अजून आमच्याकडेच आहेत."

डॉक्टरच्या देशातली हुकूमशाही नुकतीच कोसळली होती, एवढं फाइलवरून समजलं. कुकला शोधून आणलं. जबाब देताना त्याने आवाज एकदाही चढवला नाही. मायदेशी तुरुंगात डोळ्यांवर पट्टी, हात मागे बांधलेले. मार थांबला की कोणीतरी पायावर दोन गार बोटं ठेवायचं आणि म्हणायचं, "चालेल अजून." चेहरा त्याने कधीच पाहिला नव्हता.

मी डॉक्टरला बोलावून चहा दिला. माणूस नीटनेटका, नम्र. तासभर तो सगळं नाकारत राहिला. शेवटी मी सहज विचारलं, "डॉक्टर, नाडी पायाचीच का?"

"हात मोकळे नसायचे," तो बोलून गेला. मग त्याने कप हळूच खाली ठेवला.

मी विचारलं, "मारणाऱ्यांना 'थांबा' असं कधी म्हणालात?"

"म्हणायचो ना. दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू करता यावं म्हणून."

गुन्हा आमच्या हद्दीतला नव्हता, अटक करता येईना. त्याची प्रॅक्टिस बंद करणं डॉक्टरांच्या समितीच्या हातात होतं. कुकचं मागणं एकच: "हा डॉक्टर नाही, हे डॉक्टरांनीच सांगू दे."

समितीच्या बैठकीत मी कुकला घेऊन गेलो. डॉक्टरचाही नाइलाज असेल, अशी कुजबुज सुरू झाली. तेवढ्यात त्या डॉक्टरची शिफारस करणारे वयस्कर डॉक्टर उभे राहिले.

"तुरुंगातली नोकरी त्याने अर्जात लिहिली होती. तिथे काय चालतं ते मी ऐकून होतो. तरी सही केली. चूक माझी आहे."

परवाना रद्द झाला.

"खलास?" कुकने मला विचारलं.

"खलास," मी म्हणालो. तो तिथेच खाली बसून रडला.

माणूस बघताक्षणी ओळखतो, ही माझी घमेंड त्या दिवशी उतरली. पण खरी टोचणी वेगळीच आहे. संशयिताला डॉक्टरकडून तपासून घ्यायची आमचीही पद्धत होती. 'चौकशीस योग्य' असा शेरा आला की मी निर्धास्तपणे पुढच्या कामाला लागायचो. त्या शेऱ्यानंतर चौकशीच्या खोलीत काय होतं, हे आमच्या डॉक्टरांना मी कधी सांगितलं नाही, त्यांनीही विचारलं नाही. बैठकीत हे सगळं मला आठवत होतं. वयस्कर डॉक्टर उभे राहिले. मी बसूनच राहिलो.