आमच्या बाई आणि मेमरीची पट्टी

बाई रागावल्या की त्यांचा आवाज चढत नसे, उतरत असे. चष्मा काढून टेबलावर ठेवायच्या आणि इतक्या हळू बोलायच्या, की समोरच्याला ऐकण्यासाठी पुढे वाकावं लागे. आणि रागावायला त्यांना फारसं काही लागत नसे. कुणी नुसतं "चालेल" म्हटलं तरी पुरे. "चालेल म्हणजे काय? चालतं की नाही, ते सांग."

मी त्यांच्या हाताखाली आले तेव्हा त्या दादरच्या एका शाळेतून निवृत्त झाल्या होत्या. तिथे त्या भौतिकशास्त्र शिकवत. गिरगावातल्या एका जुन्या संस्थेने संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतल्या साध्या माणसांच्या आठवणी जमवून पुस्तक काढायचं ठरवलं आणि ते काम बाईंनी अंगावर घेतलं. कॉलेजात असताना त्या स्वतः मोर्चांत होत्या, अटकही झाली होती. त्याबद्दल विचारलं तर म्हणायच्या, "माझं राहू दे. मला लिहिता येतं. ज्यांना येत नाही त्यांचं आधी." मी नायगावच्या चाळीतली, बारावीनंतर संगणकाचा कोर्स केलेली. समोर बसलेलं माणूस बोलायचं आणि मी मराठीत टाइप करत जायची.

तो संगणक नवा आणला तेव्हापासूनच बंद पडायचा. काम चालू असताना पडदा निळा व्हायचा, त्यावर पांढरी इंग्रजी अक्षरं, की संपलं. पुन्हा चालू केला तर कधी फाइल नीट मिळायची, कधी मराठीच्या जागी चौकोन आणि प्रश्नचिन्हं. संगणक विकणारा दुकानदार आपला माणूस पाठवायचा. तो व्हायरस आहे म्हणायचा, सगळं पुसून विंडोज नव्याने टाकायचा आणि चहा पिऊन जायचा. थोड्या दिवसांनी परत तेच. एकदा मी बोलून गेले, "बाई, आपोआप बंद पडला." लगेच चष्मा निघाला.

"आपोआप काही होत नसतं. कारण माहीत नाही, एवढंच म्हण."

अशात दाजी आले. लालबागला राहणारे, मूळचे मालवणकडचे, सगळा जन्म गिरणीत गेलेला. टेपरेकॉर्डर समोर ठेवला की त्यांचा आवाजच फुटेना, आणि बाईंपुढे ते अवघडून बसत. म्हणून बाई मुद्दाम बाहेर गेल्या. मग दाजी बोलले. त्यांच्या खोलीवरचा एक जोडीदार चळवळीच्या वेळी गोळीबारात जखमी झाला होता. पोलीस धरतील या भीतीने खोलीतल्यांनी त्याला इस्पितळात न नेता गुपचूप गावी पोचवलं. तिथे तो वारला. त्यामुळे हुतात्म्यांत त्याचं नाव कुणी घेतलं नाही.

"माझ्या मागसून ह्यां सांगणारो कोण नाय," दाजी म्हणाले. "लिवन ठेव गो बाय."

मी नाव, आडनाव, गाव, सगळं टाइप केलं. फाइल साठवली, फ्लॉपीवर प्रतही घेतली. छापायला उघडली तर दोन्हीकडे नुसते चौकोन.

मशीन नीट झालं की पुन्हा या, असा दाजींना निरोप गेला. दुकानदाराच्या माणसाने पुन्हा विंडोज टाकलं, मशीन पुन्हा बंद पडलं. पुढच्या वेळी तो यायलाच तयार नाही. शेवटी बाई म्हणाल्या, हाताने लिहून घेऊ, चल. आम्ही दोघी लालबागला दाजींच्या खोलीवर पोचलो, तर दारात त्यांची बायको पांढऱ्या कपाळाने उभी. दाजी आदल्या आठवड्यात गेले होते. जोडीदाराचं विचारलं तर तिला काही माहीत नव्हतं. ते सगळं तिच्या लग्नाआधीचं, आणि दाजी घरात त्यावर कधी बोलले नव्हते. चाळीचा जिना उतरताना बाई मध्येच थांबल्या आणि कठड्याला धरून उभ्या राहिल्या. मला वाटलं चक्कर आली. पण त्या संतापाने थरथरत होत्या.

दुसऱ्या दिवशी संस्थेच्या चिटणिसांनी आम्हाला बोलावलं. शेजारी दुकानदार बसलेला. त्यांचं आधीच ठरलं होतं: मशीन उत्तम आहे, ऑपरेटर भलतीच बटणं दाबते, तेव्हा ऑपरेटर बदला. चिटणीस समजुतीच्या सुरात म्हणाले, "बाई, या मुलींना मशीनची सवय नसते हो."

"या म्हणजे कुठल्या?" बाईंनी विचारलं.

चिटणीस खिडकीबाहेर बघू लागले. मी खाली मान घातली होती. माझ्या कानशिलांत जे तापत होतं ते आज लिहितानाही तापतं.

"माणसावर आळ घेण्याआधी वस्तू तपासायची," बाई म्हणाल्या. "मी तपासते. तोवर हिला कुणी एक शब्द बोलायचा नाही."

एक जुनी विद्यार्थिनी संगणकाच्या कंपनीत होती, तिला फोन करून बाईंनी सगळं समजून घेतलं. मग स्वतः संगणकाची पेटी उघडली. आत मेमरीच्या, म्हणजे चालू काम तेवढ्यापुरतं धरून ठेवणाऱ्या, दोन पट्ट्या होत्या. बाईंनी त्यांची टोकं खोडरबरने पुसली, परत बसवल्या. मशीन बंद पडलंच. मग एक काढली आणि एकीवरच काम करायला सांगितलं. मशीन न थांबता चाललं. ती काढून दुसरी लावली, तर दुपारपर्यंत निळा पडदा. पण तेवढ्यावर त्या थांबल्या नाहीत. पट्टीचा दोष की ती बसते त्या खाचेचा, हे कळायला हवं. पट्ट्यांच्या खाचा बदलल्या. खराब पट्टी चांगल्या खाचेतही तशीच वागली. शेवटी तीच पट्टी ठेवून त्यांनी मला एका मोठ्या फाइलची प्रत करायला लावली आणि मूळ फाइल नि प्रत संगणकाकडूनच ताडून घेतली. दोन्हींत फरक निघाला. एकही बटण चुकीचं दाबलेलं नसताना.

"कळलं?" त्या म्हणाल्या. "तू लिहिलेलं सगळं या पट्टीतून जात होतं. फ्लॉपीवर गेलं तेही इथूनच."

पट्टीवर दुकानाचं नवंकोरं लेबल होतं. बाईंनी ते नखाने उकरलं. खाली दुसऱ्या कुणाचं तरी जुनं, पिवळं पडलेलं लेबल निघालं. म्हणजे कुठल्या तरी टाकलेल्या मशीनमधली पट्टी आमच्या नव्या मशीनमध्ये आली होती.

आम्ही ती घेऊन दुकानात गेलो. बाईंनी ती काउंटरवर ठेवली आणि चष्मा काढला. दुकानदार पुढे वाकला. त्या काय बोलल्या ते मलाही नीट ऐकू आलं नाही. "एक माणूस मेला," एवढंच ऐकू आलं. दुकानदाराने मुकाट्याने नवी पट्टी दिली. चिटणीस म्हणाले, "झालं ना आता? विषय संपवा." बाई म्हणाल्या, आधी हिची माफी मागा. त्यांनी मागितली नाही. शेवटपर्यंत नाही.

पण बाईंचा खरा राग मी पाहिला तो पुस्तक छापायला जाताना. दाजींच्या जोडीदाराचं नाव बाबी होतं, एवढं मला पक्कं आठवत होतं. आडनाव बोटांतून गेलं होतं, डोक्यात दोन आडनावं घोळत होती. चिटणीस म्हणाले, त्यातलं एक टाका नाहीतर दाजींचं पान गाळा.

बाईंनी मला विचारलं, "खात्री आहे?"

"नाही."

"मग छापायचं नाही. आणि पानही गाळायचं नाही."

पान गाळलं तर मी जमवलेल्या सगळ्या आठवणी परत नेईन, असं त्यांनी सांगितलं. चिटणीस धुसफुसले, पण पान छापलं गेलं. त्यावर दाजींचं नाव आहे, आणि खाली बाईंचं वाक्य: बाबी नावाच्या एका गिरणी कामगाराच्या मृत्यूची साक्ष त्यांनी आम्हाला दिली होती, त्याचं आडनाव आणि गाव आम्ही आमच्या हलगर्जीपणाने गमावलं. उरलेलं पान कोरं आहे.

प्रकाशनानंतर बाईंनी संस्था सोडली. काही वर्षांनी त्या गेल्या. शोकसभा त्याच संस्थेने घेतली. चिटणीस बोलायला उभे राहिले आणि म्हणाले, बाई शांत स्वभावाच्या होत्या, त्यांनी आयुष्यात कुणाला दुखावलं नाही.

मी बोलणाऱ्यांत नव्हते, तरी उठून माइकपाशी गेले. म्हटलं, बाई रागीट होत्या. कुणावर, का, ते सगळं सांगितलं. पट्टीचं सांगितलं, बाबीचं सांगितलं, "या मुली" हे शब्द चिटणिसांकडे बघून जसेच्या तसे सांगितले. कुणीतरी मागून म्हणालं, ताई, ही वेळ नाही. मी म्हटलं, हीच आहे, आणि पुढे बोलत राहिले.