पाच रंगीत वीर आणि माझे सासरे

परभणी जिल्ह्यात पिकलेल्या, शिजलेल्या, शिवलेल्या किंवा नुसत्या बोलल्या गेलेल्या एखाद्या गोष्टीबद्दल माझ्या सासऱ्यांना मत नसेल, तर ती गोष्ट त्यांच्यासमोर अजून आलेली नाही, एवढाच त्याचा अर्थ. आमच्याकडे सासऱ्यांना मामा म्हणतात. मामांनी उभा जन्म सरकी काढायच्या एका जिनिंग कारखान्यात कापसाची प्रतवारी करण्यात घालवला. शेतकऱ्याची गाडी आली की वर चढायचं, वरचा पांढराशुभ्र कापूस बाजूला सारून पार पोटात हात घालायचा, चिमूटभर कापूस काढून दोन अंगठ्यांत ताणायचा, धाग्याची लांबी बघायची, मुठीत दाबून ओल जोखायची आणि एका शब्दात निकाल द्यायचा. निवृत्तीनंतर कापूस सुटला, पण ताणून बघणं सुटलं नाही. लग्नाच्या पंगतीत वाढपी आला की "वरचं नको बापू, तळातलं घाल" म्हणून ते पळी बुडापर्यंत घालायला लावतात. वर्तमानपत्र मधल्या पानापासून वाचतात. पोखर्णीला नरसिंहाच्या देवळात कीर्तन असलं की मुद्दाम अर्धा तास उशिरा जातात, कारण सुरुवातीला सगळेच बुवा तयारीनं बोलतात. बुवा खरा कळतो तो घसा कोरडा पडल्यावर, असं त्यांचं म्हणणं.

मला बघायला आले तेव्हाही असंच झालं. बाकीचे लोक मला काय काय येतं ते विचारत होते. आई शेजारून भर घालत होती. मामांनी चहाची बशी खाली ठेवली. मग म्हणाले, "पोरी, तुला काय येत न्हाई ते सांग." मी घाबरून खरं सांगून टाकलं. भाकरी गोल होत नाही, देवाच्या आरत्या अर्ध्याच पाठ आहेत आणि दुपारी कुणी झोपेतून उठवलं तर मी नीट बोलत नाही. आईनं डोळे मिटून घेतले. मामा उठले आणि माझ्या वडिलांना म्हणाले, "पोरगी इमानदार हाय. आमच्याकडून होकार हाय."

तरीही एक गोष्ट मी तेव्हा सांगितली नव्हती. मला जपानी कार्टून मालिकांचं, म्हणजे अ‍ॅनिमेचं, वेड आहे. लग्नानंतर मी त्यांची मराठीत परीक्षणं करायला लागले. गोधड्या ठेवायच्या खोलीत आवाज घुमत नाही, म्हणून दार लावून तिथे बसायचं, फोनवर दहा मिनिटं बोलायचं आणि ते रेकॉर्डिंग इंटरनेटवर टाकायचं. ना चेहरा, ना नाव. ऐकणारे मोजकेच, पण नेमानं ऐकणारे. सासूबाईंना वाटायचं मी माहेरी फोन करते. "रोज आईला एवढं काय सांगायचं असतं," असं त्या स्वतःशीच पुटपुटत. एके दिवशी मी दार उघडलं तर मामा बाहेर स्टुलावर बसलेले. ते शांतपणे म्हणाले, "त्या राक्षसाची बाजू घेतलीस ते बरं केलंस. पर मुद्द्यावर यायला लय वेळ लावलास." आणि चहाला निघून गेले. माझ्या परीक्षणाचं ते पहिलं परीक्षण.

पुढे माझा घसा बसला. आधी वाटलं सर्दी आहे. पण महिना झाला तरी आवाज फाटकाच येत होता, म्हणून परभणीतल्या घशाच्या डॉक्टरांना दाखवलं. स्वरतंतूंवर गाठी आल्या होत्या. ते म्हणाले, तीन आठवडे एक शब्द बोलायचा नाही, कुजबुजायचंही नाही. मग बघू ऑपरेशन लागतं का. नवरा औषधांच्या कंपनीत, कायम फिरतीवर. घरात मी, सासूबाई, मामा आणि एक पाटी. पहिले दोन दिवस मजेत गेले. तिसऱ्या दिवशी सासूबाई पाठमोऱ्या भाजी निवडत होत्या आणि मला त्यांना काहीतरी सांगायचं होतं. त्या वळेपर्यंत मी पाटी धरून उभी राहिले. त्या वळल्याच नाहीत. मी गोधड्यांच्या खोलीत जाऊन रडले. आवाज परत आलाच नाही तर काय, हा विचार त्या दिवशी पहिल्यांदा मनात आला.

मामांनी काय पाहिलं कोण जाणे. दुपारी पाटीकडे बोट करून म्हणाले, "तुझं ते कार्टूनचं काम थांबलंय का?" मी मान हलवली. एका विनोदी मालिकेचं परीक्षण करते असं मी ऐकणाऱ्यांना कबूल करून बसले होते. "मग तू लिही. वाचतो मी." मला हसू आलं. ते हसले नाहीत. "पर आधी समदं बघणार. माल बघितल्याबिगर मी आजवर प्रत लावलेली न्हाई."

मालिका बारा भागांची होती. रोज चारच्या चहानंतर फोन पिठाच्या डब्याला टेकवायचा आणि आम्ही दोघांनी समोर बसायचं. भाषा जपानी, खालच्या ओळी इंग्रजीत, आणि मी मुकी. मी पाटीवर भराभर सार लिहायची, मामा वाचायचे, तोवर पडद्यावर दुसरंच चालू व्हायचं. त्यांना सवयीप्रमाणे सातव्या भागापासून सुरुवात करायची होती. ते मी पाटी आपटून हाणून पाडलं. पहिल्याच भागात पाच रंगांचे घट्ट कपडे घातलेले पाच वीर डोंगरावर उड्या मारत आले तेव्हा त्यांनी विचारलं, "हे खरंच असं हाय, का चेष्टा चाललीय?" मी लिहिलं, ‘जपानमध्ये अशा रंगीत वीरांच्या खऱ्याखुऱ्या मालिका असतात. ही त्यांची टर उडवते.’ मामांनी ते दोनदा वाचलं. "मतलब सोंगाचं सोंग," ते म्हणाले. एवढी नेमकी व्याख्या मला चार वर्षांत जमली नव्हती.

त्यानंतर ते रंगात आले. पोशाख धुऊन वाळले नाहीत म्हणून तिसऱ्या भागात आधी दोनच वीर लढाईला येतात आणि बाकीचे ओल्या कपड्यांत मागून पोचतात, तेव्हा त्यांनी सासूबाईंना हाक मारून तो प्रसंग परत दाखवायला लावला. वीर एकेक करून हात फिरवत आपलं नाव सांगतात आणि राक्षस तोवर मुकाट उभा राहतो, हे मात्र त्यांना पटेना. "आमचा नरसिंह खांब फोडून निघाला तो थेट कामालाच लागला. ह्यांची ओळखपरेडच सरंना." पण गंमत पुढे होती. राक्षसाचा धीर चौथ्या नावापर्यंतच टिकायचा. पाचवा, हिरवा वीर तोंड उघडायचा आणि अर्ध्या नावावर हल्ला व्हायचा. प्रत्येक भागात. सहाव्या भागापासून मामा चहा पावणेचारलाच मागायला लागले. "आज तरी होऊ द्या बिचाऱ्याचं," असं फोनला सांगायचे.

अकरा भाग झाल्यावर मी परीक्षणाचा मसुदा लिहिला. त्यात एक वाक्य होतं की तोच तो विनोद पुन्हा पुन्हा येतो, त्यामुळे मालिका मधे रटाळ होते. मामांनी कागद खाली ठेवला. "ही गल्लत हाय तुझी. रोज तेच व्हायलंय म्हणूनच मी रोज बसायलोय. एकदा झालं तर चेष्टा हाय, अकरा दिवस झालं तर त्या माणसाचं दुःख हाय." मी ते वाक्य खोडलं. शेवटचा भाग त्याच दिवशी पाहिला. राक्षस हात वर करून सगळ्यांना थांबवतो. मैदान शांत. हिरवा पुढे येतो आणि त्याला बोलताच येत नाही, कारण इतकी वर्षं त्यानं अर्ध्याच नावाची तयारी केलेली. मग राक्षसच त्याचं पूर्ण नाव घेतो. अर्धं रोज ऐकलेलं, उरलेलं त्यानं कुठून तरी शोधून आणलेलं. मामा धोतराच्या सोग्यानं चष्मा पुसत राहिले.

दुसऱ्या दिवशी रेकॉर्डिंग. नुसता आवाज जाणार होता, तरी मामा इस्त्रीचा सदरा आणि टोपी घालून आले. गोधड्यांच्या खोलीत खुर्ची ठेवली होती, पण बसले नाहीत. निकाल उभ्यानं द्यायचा असतो म्हणे. माझ्या कागदावरच्या दोन ओळी त्यांनी शाळेतल्यासारख्या वाचल्या. मग कागद घडी करून खिशात ठेवला. मी पाटी हलवली, त्यांच्यापुढे नाचवली. त्यांनी डोळे मिटले.

"राम राम," ते म्हणाले. "हे जे पाच जणांचं कार्टून हाय, ते माझ्या सूनबाईनं पारखलेलं हाय. मी नुस्तं सांगायलोय." आणि त्यांनी माझं नाव घेतलं. माहेरच्या आणि सासरच्या, दोन्ही आडनावांसकट, सावकाश, एकेक अक्षर मोजून. "ती चार वर्षं हे काम करायलीय. आमाला ठाऊक असून आमी कधी इचारलं न्हाई. ती आमची चूक." त्यानंतर ते बावीस मिनिटं बोलले. सोंगाचं सोंग समजावलं, वाळत घातलेले पोशाख सांगितले, नरसिंह आला, हिरवा आला. एक ऐबही दाखवला, की राक्षस काय खातात ते बारा भागांत कुठं दिसत नाही. शेवटी निकाल दिला. "धागा लांब हाय, रंग पक्का हाय. शेवटच्या भागात ओल जरा जास्त हाय. तरी प्रत अव्वल."

दारात सासूबाई उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "म्हणजे आईला फोन नव्हता तो," आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवून आत गेल्या. मी ते रेकॉर्डिंग एक अक्षर न कापता इंटरनेटवर टाकलं. बऱ्याच लोकांनी आजोबांना परत आणा म्हणून लिहिलं. एकानं भाषा अशुद्ध असल्याची तक्रार केली. मला राग आला होता. मामांनी मात्र नेमकी तीच तक्रार दोनदा वाचून घेतली. "त्यानं शेवटपर्यंत ऐकलंय. त्याचा मान ठेव," म्हणाले.

तीन आठवड्यांनी डॉक्टरांनी घसा पाहिला. गाठी उतरल्या होत्या, ऑपरेशन टळलं. "बोला हळूहळू," ते म्हणाले, आणि मला काय बोलावं ते सुचेना. मामा माझ्यासोबत आले होते. त्यांनी खिडकीबाहेर बघत म्हटलं, "घाई न्हाई. ऑटो थांबवून ठेवलाय."

माझ्या परीक्षणांना आता माझं नाव असतं. आवाज परत आला, फक्त वरच्या पट्टीत जरा खरखरतो. मामा आणि सासूबाई गेल्या वर्षी पोखर्णीला शेतावरच्या घरी राहायला गेले. तिथे नेटवर्क धड नाही, कार्टून मधेच अडकतं, म्हणून मामांनी बघणं जवळजवळ सोडलं. दर दोन दिवसांनी फोन येतो. पाऊसपाणी, माणसं, गुरं असं सगळं झालं की ते विषय बदलतात आणि म्हणतात, "तू बोल जरा. कायबी बोल." मला ठाऊक असतं की ते शब्द ऐकत नसतात. पलीकडून वाऱ्याचा आवाज येत असतो आणि ते माझा आवाज अंगठ्यांत धरून ताणून बघत असतात. मग मी बाजारात भेंडी कशी मिळाली, गल्लीतली पाण्याची मोटार कधी लागली, असलं काहीबाही सांगत राहते, आणि सांगण्यासारखं संपलं तरी थोडा वेळ बोलतच राहते.