अप्पांच्या अँटेनाचा तिसरा दोर

अप्पा गेले त्या सकाळी मला पहिला फोन शेजारणीचा आला नाही, डॉक्टरांचा नाही की दादाचा नाही. तो आला आसामातल्या एका निवृत्त मास्तरांचा. त्यांना मी आजवर पाहिलेलं नाही. ते हिंदीत म्हणाले, "बेटी, आज आपके पिताजी हाजिरी में नहीं आए." मी साताऱ्यात डबा भरत होते. गावाकडं शेजारणीला फोन करून दार उघडायला लावलं, तर अप्पा रेडिओसमोरच्या खुर्चीत शांत बसलेले. रेडिओवरची सातची हजेरी चुकली आणि साडेसातला मला कळलं.

लोक म्हणतात, नशीब तुमचं, माणूस एकटा असून लगेच समजलं. मी मान हलवते. त्यांना काय माहीत, ज्या अँटेनामुळं हे समजलं ती वर चढूच नये म्हणून गावात एकच माणूस देव पाण्यात घालून बसलं होतं, आणि ते माणूस मी होते.

अप्पा फौजेत सिग्नलमध्ये होते. सुभेदार होऊन निवृत्त झाले, साताऱ्यात एका कारखान्यात लागले आणि हॅम रेडिओचा परवाना काढून बसले. हॅम म्हणजे हौशी रेडिओवाले. स्वतःचं यंत्र लावून घरबसल्या परमुलखातल्या दुसऱ्या हौशी माणसांशी बोलायचं, एवढाच धंदा, आणि त्यात पैसा एक मिळत नाही. आमच्या भाड्याच्या घराच्या गच्चीवर त्यांनी अँटेनाची तार ताणली होती. आई तिच्यावर ओल्या साड्या वाळत घालायची. अप्पा खालून ओरडायचे, "अगं, तुझ्या लुगड्यापायी सगळा रशिया बहिरा झाला!" आई वरून म्हणायची, "होऊ दे. माझं लुगडं तर वाळंल." आम्हा भावंडांना त्यांनी मोर्स, म्हणजे टकटकीची तारेची भाषा, शिकवलं ते जेवणाच्या पाटावर. ताटावर चमच्यानं बरोबर टकटक केल्याशिवाय दुसऱ्यांदा भाजी मिळायची नाही. दादा हुशार, तो आमटी मागायचा. मला 'मीठ' एवढंच पाठ, त्यामुळं माझ्या पानात कायम मीठच जास्त. आजही कुणी चमचा वाजवला की मला त्या घरातल्या स्टोव्हचा वास येतो.

आई गेल्यावर अप्पा शिराळ्याजवळ आमच्या गावी राहायला गेले. दोन खोल्या, पुढं अंगण. एका वळवाच्या वाऱ्यात तिथली तार तुटली, खांब मोडला आणि अप्पांचा रेडिओ मुका झाला. तीन-चार महिने ते कुणाशीच बोलेनात. फोन केला की "हाय, बरं हाय" आणि ठेवलाच. एकदा ते न्हाणीत घसरून पडले आणि आम्हाला आठ दिवसांनी कळलं. तेव्हा दादा पुण्याहून आला, मीही गेले, आणि आम्ही दोघांनी त्यांना समोर बसवून सांगितलं, आता पुरे, पुण्याला चला.

अप्पा म्हणाले, "रेडिओ चालू आसता तर आठ दिस लागलं नसतं. सकाळी सातला आमच्या रेडिओवाल्यांची हजेरी आसती. एक जरी गडी बोलला न्हाई तरी अर्ध्या तासात त्याच्या घरी फोन जातो."

"पण रेडिओ बंद आहे ना," दादा म्हणाला.

"चालू करतो. मोठी अँटेना लावतो, टॉवरवर."

दादानं श्वास सोडला. "ठीक. दिवाळीपर्यंत लावा. लागली तर राहा इथं, मी एक शब्द बोलणार नाही. नाही लागली तर दिवाळीला सामान बांधायचं." दादाच्या पुण्यातल्या इमारतीत टीव्हीची साधी छत्री लावायलाही सोसायटीची परवानगी लागते. पुण्याला जायचं म्हणजे रेडिओ कायमचा पेटीत, हे तिघांनाही ठाऊक होतं.

मला वाटलं, पंचाहत्तरीचा माणूस, काय लावतोय. पण अप्पांनी शिराळ्यात वेल्डिंगवाल्याकडून लोखंडी टॉवर करून घेतला, साठ फूट उंच, तो उभा राहावा म्हणून तिन्ही बाजूंनी जमिनीशी बांधलेल्या तारांचे ताण. अँटेना स्वतःच्या हातानं अंगणात जुळवली. जुन्या टीव्हीची गच्चीवर असायची ना, तशीच दिसायला. फक्त आडव्या नळ्या तेहतीस-तेहतीस फुटांच्या, त्यामुळं ती अंगणात मावेना आणि निम्मी रस्त्यावर आली. एसटीचा ड्रायव्हर रोज थांबून विचारायचा, "सुभेदार, इमान कवा उडतंय?"

ती वर चढवायची कुणी? आमच्या गावात अशा कामाला एकच माणसं, सासनकाठीवाली. जत्रेत चाळीस फुटी बांबूची काठी नाचवतात. एकजण बुंधा कमरेशी धरतो, बाकीचे चहूकडून दोर ताणून तोल राखतात. त्यांचा मानकरी सत्तरीचा म्हातारा, पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं राखलेल्या घरातला. त्यानं अँटेनाभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि म्हणाला, "काठीपरास हलकी हाय. पर लय आडमुठी हाय ही."

दिवाळीला बारा दिवस राहिले होते. मी रजा टाकून गेले, मदतीला असं सांगून. टॉवरच्या टोकावर गावचा वायरमन पट्टा बांधून बसला. तिथल्या कप्पीतून मोठा दोर खाली आला, तो ओढायला मानकरी आणि सहाजण. शिवाय अँटेनाला तीन दोर बांधलेले, ती ताणाच्या तारांत अडकू नये म्हणून तीन माणसांनी तिला लांब ओढून धरायचं. दोन दोर काठीवाल्या पोरांकडं, तिसरा माझ्याकडं. अप्पांनी गळ्यात फौजेतली शिट्टी अडकवली. एक लांब शिट्टी म्हणजे थांबा. दोन आखूड म्हणजे ओढा. त्यांनी सगळ्यांकडून दोनदा म्हणवून घेतलं.

अँटेना निघाली. कौलांच्या वर गेली, नारळाच्या वर गेली, आणि सकाळच्या उन्हात अशी चमकायला लागली की सगळं गाव तोंड उघडून बघत राहिलं. अप्पांचा चेहरा मी बघितला. आई गेल्यापासून तो चेहरा मला दिसला नव्हता. खरं तर मला आनंद व्हायला हवा होता. मला भीती वाटली. ही लागली की हे इथंच राहणार, एकटे, आणि पुन्हा न्हाणीत पडणार, एवढंच डोक्यात आलं. आणि माझे हात सैल झाले. दोर सुटला म्हणत नाही मी, सैल सोडला.

माझ्या बाजूचं टोक आत वळलं आणि ताणाच्या तारेखाली अडकलं. अप्पांची लांब शिट्टी वाजली. सगळे थांबले. वायरमननं वरून वाकून मधली दांडी पायानं ढकलली, टोक सुटल्यासारखं वाटलं, आणि त्या आनंदात कुणीतरी ओरडलं, "चांगभलं!"

झालं. काठीवाल्यांच्या कानाला जन्मात शिट्टी माहीत नाही. जत्रेत हलगीपुढं शिट्टी ऐकू येतेय कुठली? तिथं एकच इशारा, चांगभलं म्हटलं की सगळ्यांनी एकदम जोर लावायचा. सातही गड्यांनी लावला. टोक अजून तारेखालीच होतं. नळी उसासारखी वाकली.

अँटेना खाली उतरवली. मानकऱ्यानं पागोटं काढून हातात घेतलं. "आवं सुभेदार, चुकी आमची. जिभंला आन् हाताला सवय लागल्याली."

मी हातातला दोर खाली टाकला. मागल्या दारी जाऊन दादाला फोन लावला. "अँटेना मोडली. येतील बहुतेक अप्पा." दादा म्हणाला, "सुंठीवाचून खोकला गेला बघ." मी हसलेसुद्धा. परत अंगणात आले तर सातही गडी मान खाली घालून ओळीनं बसलेले, आणि माझ्या वाट्याचं बोलणं त्यांनी आपल्या अंगावर घेतलेलं. कुणीतरी हातात दिलेला चहा मी तसाच खाली ठेवला.

अप्पा वाकलेल्या नळीशेजारी बराच वेळ बसून राहिले. मग उठले, गळ्यातली शिट्टी काढून खिशात घातली आणि मानकऱ्याला म्हणाले, "चुकी तुमची न्हाई. तुमच्या हातांनी काम करून घ्यायचं आन् इशारा माझा चालवायचा, ह्ये कसं चालंल? नळी आणा. आता तुमच्या रीतीनं."

एकजण मोटारसायकलवरून इस्लामपूरला गेला आणि तीन वाजता वाकलेल्या भागापुरता नळीचा नवा तुकडा खांद्यावर घेऊन आला. तो जोडून झाला. काठीवाल्यांतला एक पोरगा माझ्याकडं येऊन म्हणाला, "ताई, आना तो दोर. तुमचं हात सोलल्यात."

अप्पा लांबूनच म्हणाले, "ऱ्हाऊ दे तिच्याकडं."

या वेळी मानकऱ्यानं सांगितल्याशिवाय कुणी तोंड उघडलं नाही. तो म्हणायचा तेव्हाच चांगभलं, आणि तेवढाच जोर. अप्पाही ओरडत होते, सगळ्यांत मोठ्यानं. ताणाच्या तारेपाशी आल्यावर मी मागं रेलून दोर धरला. तळवे जळत होते. अप्पांनी पुण्यालाच जावं असं मला तेव्हाही वाटत होतं. पण ओळीनं बसलेले ते गडी डोळ्यांपुढून हटेनात. टोक तारेला न शिवता बाहेरून गेलं. वायरमननं वरून हात हलवला आणि खाली गुलाल उधळला गेला.

दिवेलागणीला अप्पांनी रेडिओ लावला. थोडी खरखर झाली, मग एका लांबच्या माणसाचा आवाज आला, स्वच्छ. अप्पा त्याच्याशी पाच मिनिटं बोलले. मग त्यांनी हेडफोन गळ्यात घेतला आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "पहिल्या खेपेला तुझा दोर ढिला होता."

"निसटला, अप्पा."

"निसटला न्हाई. मी बघत हुतो."

मला रडू फुटलं. मी म्हणाले, "तुम्ही इथं एकटे, मला भीती वाटते. तुम्ही पुण्याला जावं असं वाटत होतं. अजून वाटतंय."

"ठावं हाय मला."

"मग दुसऱ्या वेळी परत माझ्याच हातात का दिलात तो?"

अप्पांनी रेडिओचं बटण जरा फिरवलं. "परत सोडला आसतास," ते म्हणाले, "तर मी गेलो आसतो पुण्याला. पोरीला एवढं भ्या वाटत आसल तर कशाला ऱ्हायचं हितं?"

मग त्यांनी हेडफोन परत कानाला लावला आणि दादाला कळव म्हणून मला हातानं खूण केली.