दौंडला, दातांसाठी

तुमच्या मामाच्या मुलीला मी दर शनिवारी दौंडला नेते, हे तुम्हा नातवंडांना ठाऊक आहे. दातांना तार बसवायची आहे, असं मीच फोनवर सांगितलं होतं. तिचे दात उत्तम आहेत. तिचं पोट दुखतं, गेल्या दिवाळीच्याही आधीपासून, आणि दौंडच्या ज्या डॉक्टरबाईंकडे नेते, त्या मुलांच्या मनावर उपचार करतात.

सगळ्या तपासण्या झाल्या, रिपोर्ट स्वच्छ आले. मग शिरूरच्या डॉक्टरांनी दौंडचा पत्ता दिला. मी इंग्रजीत शिकलेली, चार पुस्तकं वाचलेली; तरी पहिला विचार हाच आला की स्टँडवर कोणी विचारलं तर काय सांगायचं. दात बरे वाटले. दातांना कोणी नावं ठेवत नाही.

त्या बाईंनी पहिल्याच भेटीत मुलीला सांगितलं, "तुझं दुखणं खरं आहे. रिपोर्टमध्ये दिसलं नाही म्हणून ते खोटं ठरत नाही." तेव्हा ती खुर्चीला नीट टेकून बसली. मग त्यांनी तिला सावकाश श्वास घ्यायला शिकवलं, दुखो न दुखो रोज थोडं चालायला लावलं. घरच्यांना एकच काम दिलं: दुखतंय का, असं विचारायचं नाही. सांगावंसं वाटलं तर ती सांगेल. मला ते सोपं वाटलं. नंतर लक्षात आलं, सकाळी मी तिला उठवते ती याच प्रश्नानं. वेणी घालताना तोच, जेवायला वाढताना तोच. रविवारी फोनवर तुमचाही पहिला प्रश्न तोच असतो. यापुढे तिला दुसरं काहीही विचारा.

बरेच महिने घरी राहिल्यावर सोमवारपासून मधल्या सुट्टीपर्यंत शाळेत बसायचं ठरलं. आदल्या संध्याकाळी कोरेगाव भीमाहून माझी थोरली जाऊ शहाळी घेऊन 'पोरीला बघायला' आली. आजाऱ्याच्या उशाशी बसून दुखण्याची चौकशी करायची, ही आपली रीत. कोणी आलं नाही तर आपणच वर्षभर बोलून दाखवतो.

"लई दुखतंय का गं?" तिनं टेकायच्या आधीच विचारलं.

मुलीचा हात पोटाकडे गेला. मी घाईनं म्हणाले, "बरंय आता, जाऊबाई. दौंडला दातांचं तेवढं चाललंय."

"मोठी आजी, दातांचं नाही," मुलगी म्हणाली. "मी मनाच्या डॉक्टरांकडे जाते. पोटासाठीच. आजीला सांगायची लाज वाटते."

तिच्या आवाजात राग नव्हता. उद्या कुठला तास आहे ते सांगावं, तसं तिनं सांगितलं. मी शहाळ्यांची पिशवी आत न्यायला वळले.

"व्हय गं?" जाऊ माझ्याकडं बघत म्हणाली. "मी म्हणतच हुते, शिरूरात दातवाले न्हाईत का काय!" मग मुलीकडं वळून, "माझं गुडघं घेती का बघाय, तुजी बाई?"

"त्या फक्त मुलांना बघतात."

"मंग ऱ्हायलं माझं."

दोघी हसल्या. मला हसता आलं नाही. दौंडला बाई तिचं दुखणं खरं म्हणत होत्या, आणि परत येताना, इनामगावचा फाटा मागे पडेपर्यंत, मी तिला लोकांना काय सांगायचं ते पढवत होते. प्रत्येक शनिवारी. ती खिडकीतून बाहेर बघत मान हलवायची.

सोमवारी शाळेच्या फाटकाशी तिचा चेहरा ओढलेला होता. प्रश्न ओठांवर आला. मी म्हणाले, "डबा घेतलास?"

"घेतला," ती म्हणाली. "दुखतंय, आजी. जाते."

ती आत गेली. शेजारी उभ्या असलेल्या एका मुलाच्या आईनं विचारलं, "इतके दिवस दिसली नाही ती. दौंडला नेता ना, दातांसाठी?"

मी खरं काय ते सांगितलं. आवाज इतका खाली गेला की तिला ऐकू आलं नाही. "काय म्हणालात?" तिनं विचारलं. मग पुन्हा सांगितलं.

मधल्या सुट्टीपर्यंत मी फाटकाबाहेरच थांबले. घंटा झाल्यावर ती दप्तर सावरत बाहेर आली. मी काही विचारलं नाही. थोडं चालून झाल्यावर तीच म्हणाली, "अर्धा डबा राहिला. उद्या ही भाजी नको देऊ."